परगावाहून येणारे घरसामान आणि आपल्या फाटकावरचे नियम : अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती,
सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित, पुणे

दिनांक : १० जुलै २०२५

विषय : लांब पल्ल्याच्या सामान वाहतुकीत सभासदांची होणारी अडवणूक आणि त्या दृष्टीने संस्थेच्या नियमांत बदल करण्याबाबत विनंती.

महोदय,

मी बी विंगमध्ये नव्याने राहायला आलेली सभासद आहे. माझ्या यजमानांची पुण्याला बदली झाल्यामुळे आम्ही दोघे, सासूबाई आणि दोन मुले गेल्या मे महिन्यात बेंगळुरूहून येथे आलो. बेंगळुरू ते पुणे हे अंतर सुमारे ८४० किलोमीटर आहे आणि ट्रकला त्यासाठी साधारण दोन दिवस लागतात. आमचे सामान मात्र अकराव्या दिवशी आले, आणि आल्यावरही आपल्या फाटकाबाहेर सव्वादोन तास अडवून ठेवण्यात आले. त्या सव्वादोन तासांत जे घडले त्याचा संबंध जसा वाहतूक कंपनीशी आहे तसा आपल्या संस्थेच्या नियमांशीही आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

प्रथम कंपनीची निवड कशी झाली ते सांगते. एका संकेतस्थळावर मी फक्त कुठून कुठे जायचे आहे ते आणि माझा मोबाइल क्रमांक भरला, तर अर्ध्या तासात ११ फोन आले. त्यातल्या एका कंपनीने व्हिडिओ कॉलवर घर पाहिले, ४२ नग मोजले आणि पॅकिंग, चढवणे-उतरवणे, वाहतूक व जीएसटी धरून ३८,००० रुपयांचे कोटेशन पाठवले. स्वतंत्र १४ फुटी ट्रक, तोच ट्रक थेट पुण्याला, तीन दिवसांत सामान घरपोच, असे सगळे फोनवर सांगितले गेले. कोटेशनच्या कागदावर यांपैकी ट्रकबद्दल एक अक्षरही नव्हते, हे मी तेव्हा पाहिले नाही. टोकन म्हणून ४,००० रुपये भरले आणि सामान निघताना उरलेल्या रकमेपैकी बहुतेक सगळी दिली.

फोनवर बोलणारी माणसे, घरी येऊन पॅकिंग करणारी माणसे आणि पुण्यात सामान उतरवायला आलेली माणसे यांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता, हे मला फार उशिरा समजले. आमच्या घरून निघालेला ट्रक शहराबाहेर नेलमंगलाजवळच्या एका गोदामापर्यंतच गेला. तेथे सामान उतरवले गेले, आठवडाभर पडून राहिले आणि पुण्याकडे जाणाऱ्या इतर कुटुंबांच्या सामानासोबत एका मोठ्या कंटेनरमध्ये भरले गेले. वाहतुकीच्या धंद्यात याला पार्ट लोड म्हणतात. पार्ट लोड वाईटच असतो असे नाही, तो स्वस्त पडतो आणि थोडक्या सामानासाठी सोयीचाही आहे. पण स्वतंत्र ट्रकचे पैसे घेऊन पार्ट लोडने सामान पाठवणे ही फसवणूक आहे. शिवाय प्रत्येक चढ-उतारीत तुटफूट वाढते आणि खोके हरवण्याची शक्यताही वाढते. आमचे २७ क्रमांकाचे खोके, ज्यात सासूबाईंच्या लग्नातली पितळेची भांडी होती, ते पुण्याला आलेच नाही.

ते खोके होते हे सिद्ध करणेही मला अवघड जात आहे, कारण पॅकिंग करणाऱ्याने यादीत त्यापुढे ‘किरकोळ सामान’ एवढेच लिहिले आणि मी त्यावर सही केली. खोक्यात काय आहे ते नगवार लिहून घेतले असते, खोके बंद करण्यापूर्वी एक फोटो काढला असता, तर आज माझ्या हातात काही असते. यादीत आमच्या जवळजवळ प्रत्येक फर्निचरपुढे ‘जुने, ओरखडे’ असा शेराही मारलेला आढळला. सासऱ्यांच्या वडिलांचा शिसवी देव्हारा एका बाजूने चिरलेला आला, तेव्हा हाच शेरा दाखवून कंपनीने हात वर केले. वॉशिंग मशीनचेही तसेच झाले. फ्रंट लोड मशीनचा ड्रम प्रवासात हलू नये म्हणून मागच्या बाजूने बोल्ट बसवावे लागतात. नवीन मशीन आल्यावर आपण ते काढून ठेवतो. आमच्याकडे ते जपून ठेवलेले होते, मी ते काढूनही दिले, पण पॅकिंग करणाऱ्यांना ते कशासाठी असतात हेच माहीत नव्हते, आणि घाईगर्दीत ते स्वयंपाकघराच्या ओट्यावरच राहून गेले.

विम्याच्या नावाखाली आमच्याकडून ४,५०० रुपये वेगळे घेतले होते. नुकसान झाल्यावर पॉलिसी मागितली तेव्हा ‘कंपनीचा इन्शुरन्स’ असल्याचे उत्तर मिळाले, म्हणजे पॉलिसी अशी काही नव्हतीच. खऱ्या ट्रान्झिट विम्यात, म्हणजे प्रवासातल्या नुकसानीच्या विम्यात, विमा कंपनीच्या नावाचा आणि पॉलिसी क्रमांकाचा कागद सामान निघण्यापूर्वी मिळतो. तो मिळाला नाही, तर ते पैसे विम्याचे नाहीत असे समजावे. उलट आमच्या बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराने दिलेल्या मालाच्या पावतीवर, तळाशी बारीक अक्षरांत ‘माल मालकाच्या जोखमीवर’ असे छापलेले होते.

आता फाटकावरच्या प्रसंगाकडे येते. कंटेनर दुपारी ४ वाजून ४० मिनिटांनी आला. आपल्या नियमानुसार सामान चढवणे-उतरवणे सकाळी १० ते सायंकाळी ५ या वेळातच करता येते, आणि कमानीच्या उंचीमुळे एवढी मोठी गाडी आत येऊ शकत नाही. सुरक्षारक्षकाने त्याचे कर्तव्य केले, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हे दोन्ही नियम ड्रायव्हरच्या लगेच कामी आले. उद्या उतरवायचे असेल तर मुक्कामाचे ६,००० रुपये, रस्त्यावरून आत आणायला छोट्या टेम्पोचे वेगळे, त्याशिवाय जादा सामानाचे, चेकपोस्टचे आणि पुण्याच्या जकातीचे, असे मिळून एकूण १४,५०० रुपये त्याने सांगितले, आणि नसेल द्यायचे तर सामान गोदामात जाईल व त्याचे रोजचे भाडे लागेल, असेही बजावले. त्या दिवशी आमच्या घरात झोपायला गादी नव्हती, आणि सासूबाईंचे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर यंत्र त्याच गाडीत होते. (ते आम्ही सोबत आणायला हवे होते, हे आता कळते.) आपले सगळे घर दुसऱ्याच्या गाडीत कुलूपबंद असते तेव्हा माणूस हिशेब करत नाही, मागतील ते देतो, आणि समोरच्यालाही ते चांगले ठाऊक असते.

मी पैसे पाठवायला मोबाइल काढला होता. तेवढ्यात आमच्या मजल्यावरचे काका आणि ए विंगमधील दोघे-तिघे खाली आले, त्यांनी कोटेशन मागून वाचले, गाडीच्या क्रमांकाचा फोटो घेतला आणि प्रत्येक रकमेची पावती मागितली. आपल्या सचिवांनीही फोनवरून रात्री ९ पर्यंत सामान उतरवण्याची परवानगी दिली. १४,५०० चे ४,००० झाले. तेही द्यायला नको होते आणि त्याची पावतीही मिळाली नाही, परंतु चार माणसे शेजारी उभी राहिल्याने काय फरक पडतो ते मी त्या संध्याकाळी पाहिले. त्या सर्वांचे आणि सचिवांचे मी या पत्राद्वारे मनापासून आभार मानते.

नंतर चौकशी केली तेव्हा कळले की ड्रायव्हरने सांगितलेल्या रकमांना आधार नव्हता. महाराष्ट्रात जकात उरलेलीच नाही. मुंबईत ती सर्वांत शेवटपर्यंत होती, तीही १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू होताना संपली. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलही (मालवाहतुकीसाठीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागत नाही, तरी अनेकांकडून त्याचेही पैसे घेतले जातात.

हा अनुभव माझ्या एकटीचा नाही. ए विंगमधील एका कुटुंबाने गुरुग्रामहून येताना जी कंपनी ठरवली तिच्या आणि एका प्रसिद्ध कंपनीच्या नावात एकाच अक्षराचा फरक होता. निघण्याच्या आदल्या रात्री भाडे दीडपट झाले. सी विंगमधील निवृत्त दांपत्याने इंदूरला मुलाकडे पाठवलेली स्कूटर ७० किलोमीटर जास्त चाललेली पोहोचली. निघताना मीटरचा फोटो काढलेला होता म्हणूनच ते लक्षात आले.

डी विंगमधील कुटुंबाचा नागपूर ते पुणे अनुभव मात्र चांगला आहे. नागपूरच्या एका लहानशा व्यावसायिकाने स्वतः घरी येऊन कपाटे उघडून पाहिली, प्रत्येक खोक्यातले सामान लिहिले, ट्रकचा क्रमांक आदल्या दिवशी कळवला, आणि ज्या दोन कामगारांनी पॅकिंग केले तेच ट्रकबरोबर पुण्याला आले. एक काचेचा कप्पा फुटला, तर त्याने जागच्या जागी उरलेल्या रकमेतून ८०० रुपये कमी केले. त्याचे भाडे त्यांना मिळालेल्या सर्वांत कमी कोटेशनपेक्षा ७,००० रुपयांनी जास्त होते. मी आमच्या वेळी सर्वांत कमी कोटेशन निवडले होते.

कायद्याची बाजू मी वकिलांकडून समजून घेतली, ती इतर सभासदांच्या उपयोगी पडावी म्हणून येथे नोंदवते. रस्त्याने मालवाहतूक करणाऱ्यांसाठी २००७ चा स्वतंत्र कायदा आणि २०११ चे नियम आहेत. त्यानुसार वाहतूकदाराची नोंदणी असावी लागते आणि मालाची पावती द्यावी लागते. माल हरवला किंवा फुटला तर वाहतूकदाराचा हलगर्जीपणा ग्राहकाने सिद्ध करण्याची गरज नसते. भरपाई मात्र सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच मिळते आणि तीही आपण जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त नसते, म्हणून सामानाची किंमत लिहिताना ती कमी दाखवू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दावा करायचा असेल तर माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. फोनवर गोड बोलत महिने घालवले की ही मुदत निघून जाते. मी माझी नोटीस पोचपावतीसह पाठवली आहे. कागदांवर ‘न्यायक्षेत्र बेंगळुरू’ असे छापलेले असले, तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद करता येते.

या सर्वांचा विचार करून समितीला माझी विनंती अशी आहे की, परगावाहून येणाऱ्या किंवा परगावी जाणाऱ्या सामानासाठी सायंकाळी ५ ची मर्यादा ताठर ठेवू नये. सभासदाने दोन दिवस आधी कळवले असेल आणि गाडीला वाटेत उशीर झाला असेल, तर रात्री ९ पर्यंत उतरवण्याची परवानगी सचिवांना देता यावी. रात्रीच्या आवाजाचा इतरांना त्रास होतो हे मला मान्य आहे, तरीही असे प्रसंग वर्षातून थोडेच येतात आणि ज्याच्यावर येतात त्याचे नुकसान फार मोठे असते.

त्याहून सोपी गोष्ट म्हणजे माहितीचा एक छापील कागद. कमानीची उंची, आत येऊ शकणाऱ्या गाडीची लांबी, गाडी उभी करण्याची जागा, सामानाची लिफ्ट कोणती आणि वेळा कोणत्या, हे सारे त्यावर असावे, आणि घर घेणाऱ्याला किंवा भाड्याने येणाऱ्याला ना हरकत पत्राबरोबरच तो द्यावा. तो कागद कंपनीला ईमेलने पाठवून कोटेशनमध्ये त्याचा उल्लेख करून घेतला, की ‘ट्रक आत जात नाही’ हे कारण ऐनवेळी पैसे मागायला वापरता येणार नाही. मला हा कागद मिळाला असता तर निदान टेम्पोची मागणी मी तेथेच नाकारू शकले असते.

सुरक्षारक्षकांच्या केबिनमध्ये काही वाहतूक कंपन्यांची कार्डे ठेवलेली असतात व विचारल्यावर ती दिली जातात. ती काढून टाकावीत, कारण नवीन माणसाला ती संस्थेची शिफारस वाटते. समितीनेही एखाद्या कंपनीची शिफारस करू नये असे माझे मत आहे. त्याऐवजी सभासदांनी आपापले अनुभव, कोटेशन आणि बिल्टीच्या प्रतींसह, कार्यालयातल्या एका फाइलमध्ये ठेवावेत. पहिली प्रत मी देते.

फाटकावरच्या नोंदवहीत गाडीच्या क्रमांकासोबत बिल्टीचा क्रमांक, ड्रायव्हरचे नाव आणि येण्या-जाण्याची वेळ लिहिली जावी, आणि त्या दिवसाचे सीसीटीव्ही चित्रीकरण सभासदाने मागितल्यास निदान सहा महिने जपून ठेवावे. सामान मिळाल्याच्या पावतीवर ड्रायव्हर घाईने सही मागतो. त्या वेळी ‘खोकी न उघडता स्वीकारली, एक खोके कमी’ असे लिहिण्याचे सभासदाला सुचावे म्हणून, आणि काही वाद झालाच तर साक्षीदार असावा म्हणून, प्रत्येक विंगमधून एक-दोन जणांनी स्वेच्छेने हजर राहण्याची तयारी दाखवली तर फार बरे होईल. बी विंगसाठी मी तयार आहे.

सी विंगमधील एक कुटुंब २८ जुलैला हैदराबादला जात आहे आणि त्यांनी अजून कोणालाही टोकन दिलेले नाही. तेव्हा हा विषय २० तारखेच्या समितीच्या सभेत घ्यावा, अशी विनंती आहे. मी सर्व कागदपत्रांसह हजर राहीन.

आपली विश्वासू,
सभासद, बी विंग

प्रत : मा. सचिव