कार्ड नव्हे, शेअर कोड

महोदय,

इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या माझ्या मुलीला खासगी घर भाड्याने घेताना आलेला अनुभव तिकडे निघालेल्या विद्यार्थ्यांच्या कामी यावा, म्हणून हे पत्र. घर पसंत पडले, अनामत रक्कमही ठरली. पण एजंट 'व्हिसाचे कार्ड दाखवा' यावरच अडून बसला. मुलीचा व्हिसा ई-व्हिसा, म्हणजे केवळ ऑनलाइन नोंद असलेला, असल्याने कार्ड तिच्याकडे नव्हतेच.

२०१४ च्या इमिग्रेशन कायद्यानुसार १ फेब्रुवारी २०१६ पासून संपूर्ण इंग्लंडमध्ये भाडेकरूचा राहण्याचा हक्क तपासणे घरमालकावर बंधनकारक आहे (स्कॉटलंड व वेल्समध्ये हा नियम नाही). विद्यार्थ्याने ब्रिटनच्या व्हिसा विभागाच्या (यूकेव्हीआय) आपल्या ऑनलाइन खात्यातून शेअर कोड काढायचा आणि घरमालकाने तो जन्मतारखेसह सरकारी संकेतस्थळावर भरायचा, की विद्यार्थ्याचा फोटो व त्याच्या हक्काची मुदत समोर दिसते. हा कोड ९० दिवस चालतो. घरभाड्याचा कोड 'आर'ने सुरू होतो, नोकरीचा 'डब्ल्यू'ने. मुलीने घाईत आधी नेमका दुसराच काढला होता, हेही कबूल केले पाहिजे.

नियम मोडल्यास पहिल्या वेळीच प्रत्येक भाडेकरूमागे १०,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकत असल्याने घरमालक बिचकतात, हे समजण्याजोगे आहे. मात्र परदेशी नाव दिसताच टाळाटाळ करण्याचे समर्थन त्याने होत नाही, कारण तपासणी ब्रिटिश भाडेकरूंचीही करायची असते. विद्यापीठाची वसतिगृहे, तसेच विद्यापीठाने स्वतः विद्यार्थ्याचे नाव सुचवून मिळवून दिलेली घरे यांना या तपासणीतून सूट आहे, त्यामुळे विद्यापीठाच्या निवास विभागाकडे आधी चौकशी करावी.

– एक पालक