वरच्या फळीवरचा डबा

चि. सुमास अनेक आशीर्वाद.

मंगळवारी प्लास्टर काढलं. हात वाळक्या शेंगेसारखा दिसतोय, पण मोडला तो डावा, म्हणून लिहिता येतंय. परवा फोनवर तू हसत म्हणालीस, "वर्ष झालं आई, पाळी गेली, सुटले एकदाची." मीही हसले. रात्री मात्र डोळ्याला डोळा नाही. ४४ म्हणजे लवकरच गं. माझी पन्नाशीत गेली.

घाबरवायला लिहीत नाही. पण न्हाणीच्या उंबऱ्याशी पाय घसरून नुसतं खाली बसल्याने मनगट मोडायला नको, असं डॉक्टर म्हणाले आणि डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा फोटो, काढायला लावला. मणक्यांचा आकडा उणे २.९. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की हाडं ठिसूळ समजायची. दोन वर्षं झाली, फळीवरचा साखरेचा डबा माझ्या हाताला येईना. मला वाटायचं, बाबांच्या डायबेटीसपायी सुनेनेच फळी वर ठोकून घेतली. तिच्याशी दोन दिवस बोलले नव्हते! उंची माझीच कमी झाली होती. माझी आई शेवटी जमिनीकडे बघत चालायची, आठवतं? आम्ही म्हणायचो, वय झालं.

पाळी गेल्यावरची पहिली पाच-सात वर्षं हाडं भराभर झिजतात म्हणे. माझी ती वर्षं तुझ्या लग्नात आणि बाबांच्या बायपासमध्ये गेली. तुझी आत्ता कुठे सुरू झालीत. तेव्हा डेक्सा करून घे.

नाचणीची आंबील तू मागच्या दारच्या जास्वंदीला ओतायचीस, मला ठाऊक होतं. आता तरी पी. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि पाळी गेलेल्या बाईला रोज १,२०० लागतं, म्हणजे नुसत्या भाकरीने भागत नाही. दूध-दही, तिळाची चटणी, शेवग्याचा पाला घे. लोणचं-पापड कमी कर, मिठाबरोबर लघवीतून कॅल्शियम जातं. ऊन अंगावर घे. तुझ्या ऑफिसातलं काचेतून येणारं ऊन उपयोगाचं नाही. आणि लिफ्ट सोड, हाडांवर भार पडायला हवा.

झालं माझं कीर्तन सुरू. साठ माणसांचं खातं सांभाळणाऱ्या बाईला मी काय शिकवणार! राग मानू नकोस.

तालुक्याच्या खो-खोत खांबाला हात लावून तू वळायचीस ना, तेव्हा गुडघे फोडशील म्हणून मी मैदानाबाहेरून ओरडायचे. हाडांची शिल्लक तिशीच्या आतच साठते, हे आता कळलं. पळत होतीस ते किती बरं होतं. उगीच ओरडले. सगळ्या बायका बघत होत्या तुझ्याकडे.

पण त्या शिल्लकेवर विसंबू नकोस. डॉक्टरांना ४४ हे वय सांग, आजीचं वाकणं सांग, माझं मनगटही सांग. गोळ्या घ्यायला लागल्या तर घे, "नाचणी खाते" म्हणून टाळू नकोस. डेक्साला सुई नाही, काही नाही, नुसतं पडून राहायचं.

माझी गोळी रविवारी सकाळी असते. उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर. मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही. पडवीत ताठ बसून असते. तेव्हा फोन कर, तारीख कधीची मिळाली ते सांगायला.

जावयांना आशीर्वाद, पिल्लूला पापा.

तुझी आई

ता. क. सुनेने डबा खालच्या फळीवर ठेवलाय. बाबा खुशीत आहेत.