फाइल उडवण्याआधी तिचा पत्ता बघा

मा. संपादक महोदय,

पीक विम्याचे अर्ज आणि शाळा-कॉलेजच्या दाखल्यांची गर्दी सुरू झाली की दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत एक प्रकार हमखास असतो. टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रामांच्या यादीत, अनोळखी नाव दिसते, कुणीतरी ‘हा व्हायरस आहे’ म्हणते आणि फाइल उडवली जाते. मग विंडोज सुरूच होत नाही, नाहीतर ठशाचे यंत्र ओळखले जात नाही, आणि सेवा केंद्राबाहेर वीस माणसे उन्हात ताटकळतात. बऱ्याचदा उडवलेली फाइल निर्दोष असते.

हा घोळ जुना आहे. २००२ मध्ये अस्वलाचे चित्र असलेली एक फाइल व्हायरस आहे, ती लगेच काढून टाका, असा ई-मेल जगभर फिरला. ती फाइल विंडोजचीच होती. जाणकारही यातून सुटलेले नाहीत. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीमधली एसव्हीसीहोस्ट ही विंडोजची खरी फाइलच व्हायरस ठरवली आणि असंख्य संगणक पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत बसले.

एसव्हीसीहोस्टवर आजही सर्वाधिक संशय घेतला जातो, कारण यादीत ती पन्नास-साठ वेळा दिसते. त्यात वावगे काही नाही. विंडोजच्या अनेक सेवा या एकाच फाइलमार्फत चालतात. २०१७ च्या विंडोज १० आवृत्तीपासून साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असलेल्या संगणकांत बहुतेक सेवांना वेगवेगळी प्रत मिळते. म्हणून संख्या बघू नका, ती कुठून चालते ते बघा.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘डिटेल्स’मध्ये जा. रकान्यांच्या मथळ्यावर राइट क्लिक करून ‘सिलेक्ट कॉलम्स’मधून ‘इमेज पाथ नेम’ आणि ‘कमांड लाइन’ या दोन्हींवर खूण करा. एसव्हीसीहोस्टचा पत्ता सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरातील सिस्टम३२ किंवा सिसवॉव६४ असाच हवा. (६४ बिटच्या फाइली सिस्टम३२ मध्ये आणि ३२ बिटच्या सिसवॉव६४ मध्ये असतात, नावे उलटी वाटतात, पण आहेत तशीच.) एक्सप्लोरर मात्र थेट विंडोज फोल्डरात असते. यांपैकी कोणतेही नाव टेम्प, ॲपडेटा, डाउनलोड्स या फोल्डरांतून किंवा पेन ड्राइव्हवरून चालताना दिसले तर ते सोंग समजा. उलट, सिस्टम३२ बाहेरची प्रत्येक फाइल चोर नसते. डिफेंडर या विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसची एम-एस-एम-पी-ई-एन-जी ही फाइल प्रोग्रामडेटा फोल्डरात असते आणि ती तिथेच असायला हवी.

नावातली फसवणूक नजरेला सहज चकवते. एल-एस-ए-एस-एस ही लॉगिन सांभाळणारी खरी फाइल. बनावट फाइलीत छोट्या एलच्या जागी मोठा आय टाकलेला असतो आणि पडद्यावर दोन्ही नुसत्या उभ्या काड्या दिसतात. अशा वेळी ‘नेम’ या मथळ्यावर क्लिक करून यादी अक्षरानुक्रमे लावा. खरी फाइल एलच्या ओळीत जाऊन बसते, खोटी आयच्या ओळीत वर सापडते. शिवाय खरी एकच असते. एसव्हीसीहोस्टमध्ये व्ही आणि सीची अदलाबदल किंवा ओच्या जागी शून्य, हे त्याच जातीचे प्रकार.

पत्ता बरोबर निघाला तरी काम संपत नाही, कारण ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी एकदा मिळाली की घातक फाइलही सिस्टम३२ मध्ये जाऊन बसू शकते. पुढे सही, म्हणजे फाइल कोणी बनवली ते दाखवणारी डिजिटल खूण, तपासा. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा भाग दिसतो. इथे अर्धवट माहिती घात करते: विंडोजच्या अनेक अस्सल फाइलींत हा भाग नसतोच. त्यांची सही वेगळ्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे स्वतंत्र यादीच्या फाइलीत, असते. म्हणून तो दिसला नाही एवढ्यावरून फाइल खोटी ठरवू नका. पॉवरशेल या आज्ञा टंकण्याच्या खिडकीत गेट-ऑथेंटिकोडसिग्नेचर लिहून पुढे अवतरणचिन्हांत फाइलचा पत्ता द्या. विंडोज १० पासून ही आज्ञा कॅटलॉगही तपासते. ‘व्हॅलिड’ आले की सही ठीक. कोणाची आहे तेही वाचा.

आता हॅश, म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा. कमांड प्रॉम्प्ट या आज्ञांच्या दुसऱ्या खिडकीत सर्टयूटिल, मग डॅशसकट हॅशफाइल, फाइलचा पत्ता आणि शेवटी एसएचए२५६ असे लिहा. (इथे देवनागरीत छापले तरी आज्ञा इंग्रजीतच टंकायच्या.) चौसष्ट अक्षर-अंकांची ओळ येईल. ती व्हायरसटोटल या संकेतस्थळाच्या शोधचौकटीत टाका. सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस त्या फाइलबद्दल काय म्हणतात ते दिसते. एखाद-दोघांनीच बोट दाखवले तर बऱ्याचदा तो खोटा इशारा असतो. पंधरा-वीस जणांनी दाखवले तर शंका ठेवू नका. फाइल स्वतःला विंडोजची म्हणवते आणि तिची तिथे नोंदच नाही, तर सावध व्हा. विंडोजची फाइल असंख्य संगणकांत असते, तिला कुणी पाहिलेलेच नाही असे सहसा होत नाही. मात्र आधार, सातबारा किंवा ग्राहकांच्या याद्या तिथे कधीही अपलोड करू नका. चढवलेल्या फाइली इतरांच्या हाती जाऊ शकतात. हॅश शोधण्यात तो धोका नाही.

आपल्या भागात सर्वाधिक दिसणारा उपद्रव सही तपासूनही निसटतो. पेन ड्राइव्हवरचे फोल्डर गायब होतात आणि त्यांच्या नावाचे शॉर्टकट उरतात. अशा वेळी टास्क मॅनेजरमध्ये डब्ल्यूस्क्रिप्ट, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारी विंडोजची फाइल, दिसते: पत्ता सिस्टम३२ चा, सही मायक्रोसॉफ्टची, सारे अस्सल. पण ‘कमांड लाइन’च्या रकान्यात तिच्यापुढे ॲपडेटामधल्या, काहीतरी भलत्या अक्षरांच्या व्हीबीएस (स्क्रिप्टच्या) फाइलचा पत्ता लिहिलेला असतो. चोरी ती फाइल करते, डब्ल्यूस्क्रिप्ट फक्त दार उघडते. रनडीएलएल३२ आणि पॉवरशेल यांचेही असेच. इथे डब्ल्यूस्क्रिप्ट उडवण्यात अर्थ नाही.

उलट बाजूने फसवणाऱ्या दोन फाइली सेवा केंद्रात आणि ग्रामपंचायतीत असतात. ठसे घेणारे यंत्र चालवणारी आरडी सर्व्हिस आणि डिजिटल सहीच्या टोकनचा, म्हणजे यूएसबीला लावायच्या किल्लीचा, ड्रायव्हर. टोकनच्या ड्रायव्हरची डीएलएल (प्रोग्रामांना लागणारी सहायक फाइल) सिस्टम३२ मध्ये असू शकते आणि तिच्यावर मायक्रोसॉफ्टचे नाव नसते. ती उडवली की ग्रामपंचायतीचे पेमेंट सहीसाठी अडकते.

संशय पक्का झाला तर आधी नेट तोडा. फाइल हाताने पुसू नका. डिफेंडरला ती क्वारंटाइन करू द्या, म्हणजे बाजूला कोंडून ठेवू द्या, चूक ठरली तर परत आणता येते. मग ‘स्कॅन ऑप्शन्स’मधले ऑफलाइन स्कॅन चालवा. त्याला साधारण पंधरा मिनिटे लागतात आणि मध्ये लाइन गेली तर पुन्हा पहिल्यापासून, तेव्हा यूपीएसची बॅटरी बघून घ्या. पोर्टलचे आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला. पैसे गेले असतील तर १९३० वर तात्काळ फोन करा.

फाइल विंडोजचीच आहे पण बिघडली आहे, असेही होते. त्याचे एक कारण भारनियमन: लिहिणे चालू असताना वीज गेली की फाइल अर्धवट राहते. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये विंडोजच्या फाइली तपासून दुरुस्त करणारी आज्ञा टंका: एसएफसी, जागा सोडून तिरकी रेघ आणि स्कॅननाऊ. दुरुस्ती झाली नाही तर डिझम या विंडोजच्याच दुरुस्ती-साधनाची रिस्टोअरहेल्थ आज्ञा चालवून पुन्हा एसएफसी. डिझम फाइली मायक्रोसॉफ्टकडून उतरवते, त्यामुळे नेट हवे. टक्का एकाच आकड्यावर रेंगाळला म्हणून खिडकी बंद करू नका. ‘अमुक डीएलएल सापडत नाही’ म्हटल्यावर सुटी डीएलएल देणाऱ्या संकेतस्थळांकडे जाणे म्हणजे विंचवाला घरात बोलावणे. व्हीसीरनटाइम१४० हवी असेल तर मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल सी प्लस प्लस रिडिस्ट्रिब्युटेबल टाका.

तक्रार अशी की क्रॅक केलेले, म्हणजे परवान्याशिवाय चालवलेले, विंडोज टाकून संगणक सर्रास विकले जातात आणि क्रॅक चालावा म्हणून डिफेंडरच्या ‘एक्सक्लूजन्स’ (तपासणीतून वगळलेल्या गोष्टींच्या) यादीत अख्खा सी ड्राइव्ह टाकलेला असतो. मग स्कॅन कितीही वेळा चालवा, सी ड्राइव्ह तपासलाच जात नाही. ग्रामपंचायतींनी आणि शाळांनी बिलावर विंडोजच्या परवान्याची स्वतंत्र नोंद मागावी आणि पैसे मोजण्याआधी ही यादी दुकानातच उघडून बघावी. ती रिकामी नसेल तर मशीन तिथेच ठेवावे.

आपले,
संगणक दुरुस्ती व सेवा केंद्रचालक,
दारव्हा तालुका, जि. यवतमाळ