नाव छापू नका, पण माणूस खरा आहे एवढं बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आधीच एक विनंती करते, माझं नाव आणि आमच्या वर्कशॉपचं नाव छापू नका. दोन्ही वेगळ्या कागदावर फोन नंबरसकट लिहून सोबत जोडलंय. का छापू नका म्हणते ते पुढं येईलच. पत्र आहे जॉब साइटवर कंपन्यांबद्दल निनावी लिहिल्या जाणाऱ्या रिव्ह्यूंबद्दल.

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं मशीनशॉप आहे. सासऱ्यांनी उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात दोन लेथवर सुरू केलेलं, आता सीएनसी-व्हीएमसी ही संगणकावर चालणारी मशिनं धरून एकूण 11 मशिनं आणि 34 माणसं आहेत. फाउंड्रीकडनं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, येतं, आम्ही मशीनिंग करून देतो. मिस्टर पार्ट्या, म्हणजे काम देणाऱ्या कंपन्या, आणि मशिनं बघतात, ऑफिस माझ्याकडं, म्हणजे हजेरी, पगार, उचल, पीएफ आणि ईएसआयसी म्हणजे कामगार विम्याचं चलन आणि माणसं घेणं हे सगळं माझ्याकडं.

दिवाळीनंतर एक व्हीएमसी ऑपरेटर पाहिजे होता. गडहिंग्लजकडचा एक डिप्लोमाचा पोरगा आला, ड्रॉइंग नीट वाचत होता, भोकाचं माप घ्यायचा बोअर गेज हातात दिला तर न विचारता आधी झिरो सेट केला, मिस्टर म्हणाले सोडू नको याला. पगार ठरला, सोमवारी आमच्यात सुट्टी म्हणून मंगळवारपास्नं ये म्हटलं. मंगळवार गेला, बुधवार गेला, फोन बंद. गुरुवारी त्याच्या वडिलांचा फोन आला. "मॅडम, राग मानू नका, पोरानं मोबाईलवर वाचलंय, तुमच्यात तीन-तीन महिने पगार देत न्हाईत आणि पीएफ कापून घेऊन भरतच न्हाईत म्हणे. लांबनं यायचं, खोली घेऊन ऱ्हायचं, कसं धाडू ओ?"

मला त्या माणसाचा अजिबात राग आला नाही. माझं पोरगं असतं तर मीही हेच केलं असतं.

पण आमच्यात पगार सात तारखेला होतो, लॉकडाऊनचे ते दोन महिने सोडले तर कधी चुकलेला नाही. पीएफ 15 तारखेच्या आत जातो, मीच भरते. मग हे लिहिलं कुणी? शोधलं तर एका जॉब साइटवर आमच्या वर्कशॉपचं पान होतं, जे आम्ही कधी बनवलंच नव्हतं, आणि त्यावर 4 रिव्ह्यू, तीन एक-स्टारचे आणि एक चार-स्टारचा, सरासरी 1.8. हा आकडा बघा कसा बसतो ते. पुण्यातल्या मोठ्या कंपनीला पाच हजार रिव्ह्यू असतात, त्यात दहा खोटे आले तरी केसाएवढा फरक पडत नाही. आमच्यासारख्याला चार स्टारचे तीन रिव्ह्यू असले आणि एकानं एक स्टार दिला की 4 वरनं थेट 3.25. म्हणजे छोट्या माणसाला एक खोटा रिव्ह्यू पुरतो.

ते तीन वाईट रिव्ह्यू मी कागदावर उतरवून काढले आणि एकेक ओळ घेऊन बसले, आणि तिथं मला जे कळलं त्यासाठीच हे पत्र आहे.

पहिल्यात लिहिलं होतं की कॅन्टीनचं जेवण खराब, कंपनीची बस वेळेवर येत नाही, टार्गेटचं प्रेशर. लिहिणारा सेल्स एक्झिक्युटिव्ह, पुणे. आमच्यात कॅन्टीन नाही, सगळे डबा आणतात, बस नाही आणि सेल्सला एकही माणूस नाही. हा खोटारडेपणा नव्हता, नावाचा घोळ होता. कोल्हापुरात जोतिबाच्या आणि अंबाबाईच्या नावानं किती इंजिनिअरिंग वर्क्स आहेत ते मोजायला बसलं तर दिवस जाईल, आमचंही नाव तसंच, आणि त्याच नावाची दुसरी कुठली तरी कंपनी असणार. त्या पोरानं त्याच्या कंपनीबद्दल खरंच लिहिलं असेल, चिकटलं आमच्या पानाला.

दुसरा तो पगार आणि पीएफचा. हा धडधडीत खोटा. आणि हाच मजकूर, अगदी त्याच स्पेलिंगच्या चुकीसकट, मला शिरोलीतल्याच आणखी दोन वर्कशॉपच्या पानावर सापडला. त्यानंतर पंधरा दिवसांत एकाचा फोन आला, मॅडम तुमचं रेटिंग फार खाली आहे, एका रिव्ह्यूला 300 रुपये, पन्नास फाइव्ह-स्टार टाकून देतो, महिन्यात 4.5 वर आणतो. या दोन गोष्टींचा संबंध आहे असं मी म्हणणार नाही, माझ्याकडं पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय कुणावर आळ घेतला तर माझ्यात आणि त्या रिव्ह्यू लिहिणाऱ्यात फरक काय राहिला.

तिसऱ्यात लिहिलं होतं, रविवारी कामावर बोलावतात, ओटीचे, म्हणजे जादा तासांचे, पैसे वेळेवर मिळत नाहीत, उन्हाळ्यात प्यायचं पाणी गरम. रविवारचं म्हणाल तर सुट्टी सोमवारी असते, ते त्यानं लिहिलं नाही, त्यामुळं वाचणाऱ्याला वाटणार की आठवड्याचे सातही दिवस राबवतात. पण बाकी दोन गोष्टी? खऱ्या होत्या. ओटी आम्ही त्या-त्या महिन्याच्या पगारात न देता पुढच्या महिन्यात ढकलत होतो, कारण पार्टीचं बिल तीन-तीन महिने येत नाही. छोट्या उद्योगांना 45 दिवसांत पैसे द्यायचा कायदा 2006 पासनं कागदावर आहे, पण मोठ्या पार्टीला तो दाखवायची हिंमत कुणात आहे? तरीपण पार्टी पैसे देत नाही हा आमचा प्रश्न, रात्री बारापर्यंत मशिनीवर उभं राहिलेल्या पोराचा नाही. आणि कूलर खरंच मे महिन्यात बंद पडलेला, दुरुस्तीवाला आज येतो उद्या येतो करत तीन आठवडे गेले होते. हे तोंडावर कुणी बोललं नव्हतं. का बोलले नसतील याचा मी बरेच दिवस विचार केला.

मिस्टरांचं म्हणणं सरळ होतं, पोलिसात जाऊ, केस टाकू. वकिलांकडं गेलो. ते म्हणाले अब्रूनुकसानीचा गुन्हा आहे, आता नव्या भारतीय न्याय संहितेत कलम 356, दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते, कंपनीची बदनामी पण त्यात बसते, पण टाकणार कुणावर? लिहिणाऱ्याचं नाव साइट देणार नाही, कोर्टाचा हुकूम लागणार, आणि साइट म्हणणार आम्ही फक्त मधले, लिहिलंय दुसऱ्यानं. आयटी कायद्याच्या कलम 79 मध्ये त्यांना तसं संरक्षण आहे, आणि 2015 च्या श्रेया सिंघल निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की मजकूर काढायची सक्ती करायची तर कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश पाहिजे. न्यूझीलंडच्या झुरू या खेळण्यांच्या कंपनीला ग्लासडोअर या कंपन्यांच्या रिव्ह्यूच्या साइटवर निनावी लिहिणाऱ्यांची माहिती मिळवायला थेट कॅलिफोर्नियाच्या कोर्टात जावं लागलं, 2022 साली हुकूम मिळाला. त्यांना परवडतं. 34 माणसांच्या वर्कशॉपनं काय करायचं?

आणि खरं सांगू का, मला तो हुकूम मिळाला असता तरी नको होता. कारण कोर्टानं एकाचं नाव उघडं केलं की तिसरा रिव्ह्यू लिहिणारा, जो खरं लिहितो, तो पुढच्या वेळी लिहिणारच नाही. शिरोलीत सगळे एकमेकाला ओळखतात, एक सुपरवायझर दुसऱ्याला फोन करतो, "तो पोरगा कसा आहे ओ?" आणि पलीकडनं "जरा बोलका आहे" एवढं आलं की त्या पोराची नोकरी गेलीच. पूर्वी नवीन माणूस गेटसमोरच्या चहाच्या गाड्यावर विचारायचा, इथं पगार कसा, मालक कसा, आणि सांगणारा माणूस समोर दिसायचा, त्याच्या तोंडाकडं बघून किती खरं धरायचं ते कळायचं. आता गाडा मोबाईलमध्ये गेलाय आणि सांगणारा दिसत नाही. पण विचारायची गरज तीच आहे, आणि ती पोरांची गरज आहे, आमची नाही.

मग आम्ही काय केलं ते लिहिते, कुणाच्या उपयोगी पडलं तर बरं.

पहिल्या रात्री मी रागानं भलंमोठं उत्तर टाकलं, आमच्यावर जळणारे लोक वगैरे. पुण्यात आयटीत असलेली नणंद वाचून म्हणाली, वहिनी, हे वाचून मी तुमच्यात नोकरीला आलेच नसते. सकाळी काढून टाकलं. मग पान आमच्या नावावर करून घेतलं, जीएसटीचं आणि उद्यमचं, म्हणजे छोट्या उद्योगाच्या नोंदणीचं, सर्टिफिकेट लावून. नावाच्या घोळाची तक्रार केली तर पहिल्यांदा छापील उत्तर आलं की रिव्ह्यू आमच्या नियमात बसतो. तेव्हा कळलं की "हा खोटा आहे, काढा" असं लिहून काही होत नाही, कुठली ओळ, त्यात काय म्हटलंय, आणि कुठला कागद ते खोटं ठरवतो हे एकेक करून द्यावं लागतं. साइटवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव शोधलं, 2021 च्या आयटी नियमांप्रमाणे ते साइटवर लावावं लागतं, 24 तासांत पोच द्यावी लागते आणि ठरलेल्या मुदतीत निकाल द्यावा लागतो, नाही पटलं तर सरकारनं नेमलेल्या अपील समितीकडं 30 दिवसांत जाता येतं. अपिलाची वेळ आली नाही, कॅन्टीनवाला रिव्ह्यू तीन आठवड्यांनी निघाला.

पीएफचा निघाला नाही, अजून आहे. त्याखाली मी चार ओळी लिहिल्या की पगार सात तारखेला होतो, पीएफचा भरणा ईपीएफओ या पीएफच्या सरकारी संस्थेच्या साइटवर एस्टॅब्लिशमेंट सर्चमध्ये आमचं नाव टाकून कुणालाही बघता येतो, कुठल्या महिन्याचे, किती माणसांचे, कुठल्या तारखेला भरले ते सगळं दिसतं. हे बऱ्याच पोरांना माहीतच नाही आणि मला वाटतं तुमच्या नोकरीच्या पुरवणीत हे ठळक छापावं. तसं प्रत्येकाचं पीएफचं पासबुकही सरकारच्या उमंग अॅपवर दिसतं. म्हणजे मालक पीएफ खातो की भरतो हे कळायला रिव्ह्यूची गरजच नाही.

तिसरा रिव्ह्यू काढा अशी तक्रार मी केलीच नाही. त्याखाली लिहिलं की सुट्टी सोमवारी असते, ओटीचं आणि पाण्याचं तुमचं खरं आहे, यापुढं ओटी त्याच महिन्याच्या पगारात मिळेल. मिस्टर दोन दिवस गप्प होते, म्हणाले जगजाहीर कशाला कबूल करायचं. पण दिलेला शब्द पाळतोय, उचल कमी केली आणि बँकेची लिमिट थोडी वाढवून घेतली, नवीन कूलर बसवला.

आता माझ्यासारख्याच बाकीच्या वर्कशॉपवाल्यांना हात जोडून सांगते, ते 300 रुपयेवाले पन्नास रिव्ह्यू घेऊ नका. आणि नवीन पोरगं जॉइन झालं की पहिल्याच आठवड्यात ऑफिसमध्ये बसवून त्याच्याच मोबाईलवरनं पाच स्टार टाकून घेतात तेही बंद करा. खोट्या निंदेवर खोटी स्तुती टाकली की त्या गडहिंग्लजच्या पोरानं वाचायचं काय? त्याला घर सोडून यायचं असतं, त्याच्या वर्षाचा प्रश्न असतो. ग्राहकांच्या ऑनलाइन रिव्ह्यूसाठी बीआयएस या सरकारी मानक संस्थेनं 2022 मध्ये आयएस 19000 नावाचं मानक काढलं, तेही ऐच्छिक, आणि ते वस्तू-सेवा घेणाऱ्यांसाठी आहे. नोकरी शोधणारा पोरगा ग्राहक नाही, तो त्यात कुठंच नाही.

साइटवाल्यांकडं माझं मागणं एकच आहे आणि ते मला तुमच्याच पानावरनं सुचलं. तुमच्याकडं कुणाचं पत्र आलं आणि नाव छापू नका म्हणालं तर तुम्ही छापत नाही, पण नाव-पत्ता मागून घेता, निनावी पत्राला जागा देत नाही. वाचकाला नाव कळत नाही, पण माणूस खरा आहे हे संपादकाला माहीत असतं. जॉब साइटनं एवढंच करावं. बऱ्याच ठिकाणी फक्त ईमेल चालू आहे का एवढं बघतात, तो तर पाच मिनिटांत नवा निघतो. ऑफिसचा ईमेल मागून उपयोग नाही, आमच्या टर्नरला आणि सेटरला कुठला आलाय ऑफिसचा ईमेल, ती आयटीवाल्यांची सोय. पण पगाराची स्लिप असते, ऑफर लेटर असतं, पीएफच्या खात्यात कुठं-कुठं काम केलं त्याची नोंद असते. ते एकदा बघायचं, बघून पुसून टाकायचं, नाव कुणालाही द्यायचं नाही, मालकाला तर नाहीच, आणि रिव्ह्यूवर लिहायचं की यानं इथं काम केलंय. मग तो एक स्टार देऊ दे नाहीतर पाच, मी मान खाली घालून वाचेन.

माझं नाव छापू नका म्हटलं ते यासाठी की वर्कशॉपचं नाव आलं की लोक साइटवर शोधणार, आणि तो तिसरा रिव्ह्यू कुणी लिहिला असेल याचा अंदाज आमच्यातच सुरू होईल. मला स्वतःला तो कोण हे माहीत नाही आणि मी शोधलेलं नाही.

नाव, पत्ता, फोन वेगळ्या कागदावर आहे. सकाळी दहानंतर कधीही फोन करून खात्री करून घ्या, सोमवार सोडून.

आपली,
एक वाचक, शिरोली, कोल्हापूर