आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : केसपेपरवर घड्याळाची वेळ लिहा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं राष्ट्रीय निर्मूलन अभियान सुरू झालं. त्याच दिवशी आमचा नंदुरबार जिल्हा पंचवीस वर्षांचा झाला, हा निव्वळ योगायोग. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं अभियानाचं उद्दिष्ट. तपासणीबद्दल माझी तक्रार नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी आश्रमशाळेत शिकवत होतो, तेव्हा रक्त तपासायला पथक यायचं आणि पोरं रांगेत निमूट बोट पुढे करायची. सिकलसेल आहे की नाही, हे लिहिलेलं कार्ड मिळालं. पुढे?

पुढे एका रात्री मांडीत, पाठीत, छातीत कळ उठते. कोयत्याच्या आकाराच्या झालेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पलीकडच्या हाडाला रक्त मिळत नाही. थंडी, ताप, अंगमेहनत, पाणी कमी पडणं, एवढं निमित्त पुरतं. पाणी पाजा, ऊब द्या, शेका, बर्फ चुकूनही लावू नका, हे आमच्याकडच्या आयांना आता पाठ आहे. ताप, धाप किंवा अंगाची एक बाजू लुळी पडली, तर शेकत बसू नका, हेही आशाताई सांगतात. पण घरच्या गोळीने कळ थांबली नाही तर दवाखाना गाठावाच लागतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून तिथे पोहोचणं म्हणजे आधी झोळी, मग जीप किंवा १०८.

आणि तिथे पोहोचल्यावर दाखवायचं काय? हिमोग्लोबिन नेहमीइतकंच कमी. एक्स-रे स्वच्छ. नाडी, बीपी बऱ्याचदा ठीक. लहानपणापासून दुखणं सोसलेलं पोर ओरडतही नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहतं. एका दवाखान्यात (नाव मुद्दाम लिहीत नाही, माझं भांडण एका दवाखान्याशी नाही) आमच्या विद्यार्थ्याकडे बघून एक कर्मचारी म्हणाला, "काही नही व्हयनं त्याले, नाटक करी ऱ्हायना." नववीतला मुलगा. पहाटेपर्यंत त्याला नुसतं सलाईन.

त्या माणसाचा मला फार राग येत नाही. वेदना मोजणं शहाण्यांनाही जमलेलं नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी कपाळावर उष्ण प्रकाशाचा झोत सोडून वेदना मोजायचं यंत्र काढलं होतं, 'डोल' नावाचं एककही ठरवलं होतं. ते टिकलं नाही. आज जगभर 'शून्य ते दहात किती दुखतंय' असं विचारतात. पावरी ही आमच्याकडची आदिवासी बोली बोलणाऱ्या आजीला मराठीतून हा प्रश्न विचारून बघा. लहानग्यांसाठी हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता असतो, तो मोठ्यांनाही चालेल. पण तोही शेवटी रुग्णाच्या सांगण्यावरच. वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० च्या व्याख्येसोबत तेच म्हटलं आहे : माणूस दुखतंय म्हणतो तर ते माना, आणि सांगता येत नाही म्हणजे दुखत नाही, असं समजू नका.

म्हणून माझी मागणी वेदना मोजण्याची नाहीच. उशीर मोजा. सिकलसेलचा रुग्ण किती वाजता आला आणि वेदनेचं पहिलं औषध किती वाजता मिळालं, हे केसपेपरवर लिहिलं जावं. अमेरिकन रक्तविकारतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत तासाभरात औषध आणि मग दर अर्ध्या ते एक तासाने पुन्हा विचारपूस असं आहे. त्याला यंत्र लागत नाही, भिंतीवरचं घड्याळ पुरतं. महिन्याच्या अहवालात आपल्याकडे तपासणीचे आकडे येतात, त्यांच्याशेजारी हाही रकाना ठेवा. तो नसेल तर जिल्ह्याच्या बैठकीत त्याबद्दल कोणी विचारणार नाही.

औषधाचंही बघावं लागेल. साध्या गोळीने, ट्रॅमाडॉलसारख्या त्याहून जोरकस वेदनाशामकानेही न थांबणाऱ्या कळेला मॉर्फिन लागतं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन ते आवश्यक औषधांत आलं, परवान्यांची जुनी माळ गेली, राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता पुरेशी झाली. आमच्या भागातल्या किती ग्रामीण रुग्णालयांनी ती घेतली, हे आपल्या खात्याने जाहीर करावं. व्यसनाची भीती दाखवून रात्रभर कण्हायला लावणं हा उपचार नव्हे.

एक मात्र दिवाळीआधी व्हायला हवं. दिवाळीनंतर आमची माणसं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. पहाटेची थंडी, दिवसभर मोळ्या, पाणी कमी. कळ तिथेच उठणार, आणि तिथला डॉक्टर या रुग्णाला ओळखत नसणार. प्रत्येक कार्डामागे दोन ओळी छापून द्या : या रुग्णाला आजवर कोणतं औषध, किती मात्रेत लागू पडलं. मराठीत आणि गुजरातीतही.

आपला,
एक निवृत्त आश्रमशाळा शिक्षक
ता. तळोदा, जि. नंदुरबार