गंगेवरच्या मावशी, गिरणीवाले काका आणि शेजारच्या काकू

पाककृती मोबाइलवर ढिगाने मिळतात. ‘चवीपुरतं मीठ’ म्हणजे किती, ते माणसंच सांगतात. नाशकात गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात मेथीची जुडी देताना ‘झाकण ठेवू नको, काळी पडेल’ म्हणणाऱ्या मावशी, मनापासून आभार. पंचवटीतल्या गिरणीवाल्या काकांचेही. बाजरी थोडीच दळून ने, पीठ जुनं झालं की कडवट होतं, हे त्यांनी स्वतःच्या धंद्याचा विचार न करता सांगितलं. आणि शेजारच्या काकू! ज्वारीच्या पिठाला गव्हासारखी चिकाटी नसते, म्हणून ते कढत पाण्यात मळायचं, हे त्यांनी शेजारी उभं राहून शिकवलं. (पाणी किती, विचारलं तर उत्तर एकच : ‘हाताला कळतं.’) आता भाकरी टम्म फुगते. काकू, रविवारी जेवायला या, शेवभाजी करतेय. काळा मसाला तुमचाच लागेल.