इसिकच्या ताईंना, मनापासून

आदरणीय ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. स्वतःचा गाजावाजा तुम्हाला आवडेल असं वाटलं नाही. पण कझाकस्तानात अल्माटीजवळ इसिकला प्राचीन शक पशुपालकांच्या त्या दफनटेकड्या पाहून नाशिकला परतलो, तरी आई अजून तुमच्याबद्दलच बोलतेय.

आदल्या दिवशी ज्या सहलवाल्यांबरोबर आलो होतो, त्यांनी ‘सोन्याचा माणूस बघा, फोटो काढा, चला’ एवढ्यात सगळं उरकलं; हा माणूस म्हणजे इथल्या दफनात सोन्याने सजलेल्या पोशाखात सापडलेला मृत. आईचे गुडघे दुखतात म्हटल्यावर तिला गाडीतच बसवून ठेवलं. चाळीस वर्षं इतिहास शिकवलेल्या बाईला! पैसे मात्र पूर्ण घेतले.

दुसऱ्या दिवशी आम्ही आमचे आलो. तिथेच कामाला असलेल्या तुम्ही आईची चाल पाहिलीत, काही न बोलता आत गेलात आणि स्वतःच्या बसायची खुर्ची घेऊन आमच्यासोबत बाहेर उन्हात निघालात. प्रत्येक टेकडीपाशी ती मांडायची, आई बसली की बोलायला लागायचं. मी दोनदा खुर्ची मागितली, तुम्ही दिली नाहीत.

१९६९मध्ये पुरातत्त्वज्ञ केमाल अकिशेव यांच्या चमूला त्या दफनात सुमारे चार हजार सोन्याचे तुकडे सापडले, हे आम्ही वाचलं होतं. पण त्याच टेकडीतलं मधलं दफन चोरांनी कधीच लुटलं होतं आणि बाजूचं तेवढं वाचलं, हे तुम्ही सांगितल्यावर आई खळखळून हसली. मग तुम्ही अलाताऊ पर्वताच्या बर्फाकडे हात केलात: उन्हाळ्यात कळप वर, थंडीत खाली. हिवाळ्यात आधी घोडे खुरांनी बर्फ उकरतात आणि मागून मेंढ्या त्याच जागी चरतात. किती साधी युक्ती! तल्गार शहराजवळ त्याच काळातल्या वस्तीत गहू, बार्लीचे दाणे मिळालेत, म्हणजे सगळेच बारा महिने भटकत नव्हते, हेही तुम्ही आवर्जून सांगितलंत.

आमच्या पांडवलेण्यांत नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याच्या लेखात त्याला शक म्हटलंय, हे आईने सांगितलं तेव्हा तुम्ही वही काढून टिपून घेतलंत. निवृत्त झाल्यापासून तिचं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं, मीसुद्धा नाही. शक म्हणजे एकच टोळी नव्हे, असंही तिने लगेच बजावलं. सवय जात नाही.

अशी माणसं पगारापुरती कामाला नसतात. नाशिकला याच. लेण्यांना पायऱ्या बऱ्याच आहेत, पण दाखवायला आई स्वतः येणार म्हणते, आणि तिला अडवायची माझी हिंमत नाही.

तुमची ऋणी,
नाशिकची एक मुलगी